नातवंडांची आयरिश बाजू कशी शोधावी : बडोद्यातील आजी-आजोबांसाठी

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांमधली मुले आज टोरांटो, ओटावा, कॅलगरी येथे स्थायिक झालेली आढळतात, आणि त्यांपैकी काहींचे व्याही आयरिश वंशाचे कॅनेडियन असतात. यात नवल नाही, कारण २०१६च्या कॅनेडियन जनगणनेत सुमारे ४६ लाख लोकांनी आपले मूळ पूर्णतः किंवा अंशतः आयरिश असल्याचे सांगितले होते. अशा घरात नातवंडासाठी वंशावळ लिहायला घेतली की आपली बाजू सात-आठ पिढ्यांपर्यंत भरत जाते, आणि समोरच्या बाजूला ‘आयरिश’ एवढाच शब्द लिहून पान कोरे राहते. ते पान बडोद्यात बसून, बहुतांशी विनामूल्य उपलब्ध असलेल्या कागदपत्रांच्या आधारे कसे भरता येईल, ते येथे सांगितले आहे.

पुढील सर्व शोधाचा पाया एका गोष्टीवर आहे, म्हणून ती आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडहून कॅनडाला गेलेल्या गरीब कुटुंबांपैकी बहुतेकांना वाट निवडण्याची मुभा नव्हती. ज्या वाटेने माल येत-जात होता, त्याच वाटेवरच्या जहाजांत स्वस्तात जागा मिळत होती, आणि लोक तिकडे गेले. त्यामुळे कुटुंब कॅनडाच्या कोणत्या किनाऱ्यावर आणि साधारण कोणत्या दशकात उतरले एवढे कळले, तर त्या काळचा व्यापार आयर्लंडच्या कोणत्या भागाशी चालत होता यावरून मूळ प्रदेशाचा पहिला अंदाज बांधता येतो. उलट, आयर्लंडच्या संकेतस्थळावर जाऊन केवळ ‘मर्फी’ हे आडनाव टाकले, तर हाती हजारो नावे लागतात आणि त्यांतली आपली कोणती हे ठरवायला काहीच आधार नसतो. शोध कॅनडात सुरू करावा आणि आयर्लंडपर्यंत मागे न्यावा. हा क्रम उलटू नये.

सुरुवात व्याह्यांपासून

बडोद्यातील संध्याकाळ म्हणजे टोरांटोची सकाळ, त्यामुळे व्हिडिओ कॉलसाठी ही वेळ दोन्ही घरांना सोयीची पडते. विहीणबाईंना किंवा व्याह्यांना ‘तुमचे लोक आयर्लंडमधून कधी आले?’ असा प्रश्न एकदम विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्यांनाही ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाच्या वर्षांत आलेल्या काही घरांत त्या प्रवासाविषयी पिढ्यान्‌पिढ्या बोललेच गेलेले नसते. त्याऐवजी उत्तर देता येतील असे प्रश्न विचारावेत. आजोबा-आजींचा जन्म कोणत्या गावी झाला? त्यांचे दफन कोणत्या दफनभूमीत झाले? घरात जुने बायबल आहे का, आणि त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत का? कुटुंबाची शेती कोठे होती? आजीचे माहेरचे आडनाव काय?

पंथाचा प्रश्न मात्र नक्की विचारावा, कारण पुढची दफ्तरे पंथानुसार वेगळी होतात. आयरिश म्हणजे कॅथलिक, असे गृहीत धरण्याची आपल्याकडे सवय आहे. ओंटारिओत स्थायिक झालेल्या आयरिश लोकांमध्ये प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि त्यांतील पुष्कळजण उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून आलेले होते. टोरांटोत १८६९मध्ये दुकान काढून पुढे कॅनडाभर नाव कमावणारे टिमथी ईटन हे अँट्रिम काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्हा) बॅलिमीना परिसरातलेच.

कॅनडातील कागद

व्याह्यांकडून मिळालेल्या सर्वांत जुन्या नावापासून मागे जाताना पहिला आधार जनगणनेचा. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने, म्हणजे ‘लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा’ने, जुन्या जनगणनांची पाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत, १९३१ची जनगणना जून २०२३मध्ये खुली झाली. १९३१पासून सुरुवात करून दर वेळी दहा वर्षे मागे जावे. १९०१, १९११ आणि १९२१च्या नोंदींत माणूस किंवा त्याचे कुटुंब कोणत्या वर्षी कॅनडात आले यासाठी रकाना आहे, आणि जन्मस्थान व पंथ यांचेही रकाने आहेत. ‘मूळ’ हा रकाना वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की ते वडिलांच्या बाजूने लिहिले जात असे. आई आयरिश आणि वडील स्कॉटिश असतील, तर मुलांपुढे स्कॉटिश हीच नोंद सापडेल आणि आयरिश धागा डोळ्यांआड जाईल.

यानंतर विवाहाची नोंद शोधावी. ओंटारिओत जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८६९ रोजी सुरू झाली. विवाहाच्या नोंदींत वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात आणि जन्मस्थान म्हणून कधी नुसते ‘आयर्लंड’, तर दैव अनुकूल असेल तेव्हा काउंटीचे नावही असते. क्वेबेकमधील कुटुंब असेल तर काम सोपे होते. तेथे चर्चच्या नोंदवहीची दुसरी प्रत सरकारकडे जात असे, त्यामुळे वह्या चांगल्या टिकल्या आहेत. स्त्रियांची नावे त्यांच्या माहेरच्या आडनावाने लिहिलेली असतात. आणि माँट्रियल व क्वेबेक शहरातील आयरिश विवाहांच्या नोंदींत अनेकदा वराच्या आईवडिलांचा आयर्लंडमधील पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) दिलेला असतो. माँट्रियलमधील सेंट पॅट्रिक चर्चच्या वह्या यासाठी अवश्य पाहाव्यात. हे चर्च १७ मार्च १८४७ रोजी उघडले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी सेंट लॉरेन्स नदीत तापाने ग्रासलेली जहाजे येऊ लागली.

दफनभूमीतील शिळा हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. परदेशात मरण आलेल्या माणसाच्या थडग्यावर ‘काउंटी कॅव्हनचा रहिवासी’ अशा प्रकारची ओळ, आणि कधी पॅरिशचेही नाव कोरण्याची पद्धत होती. सरकारी कागदावर ‘आयर्लंड’ एवढ्यावर भागवणारी कुटुंबे दगडावर मात्र गावाचे नाव घालत. जावयाला किंवा सुनेला एखाद्या रविवारी त्या दफनभूमीत जाऊन शिळेच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढायला सांगावे, आणि शेजारच्या शिळांचीही काढायला सांगावीत, कारण एकाच गावची माणसे परदेशातही जवळजवळ राहत आणि जवळजवळ पुरली जात.

प्रवासी यादीवर फार भिस्त ठेवू नये. क्वेबेक बंदरात उतरलेल्यांच्या याद्या नियमितपणे १८६५पासूनच उपलब्ध आहेत, तर आयरिश स्थलांतराचा मोठा भाग त्यापूर्वीचा आहे. १८४७ची यादी सापडत नाही म्हणून कुटुंब आलेच नाही, असे होत नाही.

मालाच्या वाटेने माणसाचा माग

येथपर्यंत आल्यावर कुटुंब कोठे आणि साधारण कधी उतरले हे समजलेले असते. आता त्या ठिकाणाचा व्यापार पाहायचा.

न्यूफाउंडलंडपासून सुरुवात करू. तेथील व्यापार कॉड माशाचा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील बंदरांतून निघालेली मच्छीमारी जहाजे वाटेत आयर्लंडच्या वॉटरफर्ड बंदरात थांबत, खारवलेले मांस आणि लोणी भरून घेत, आणि त्याबरोबरच मजूरही घेत. ‘दोन उन्हाळे आणि एक हिवाळा’ असा करार या मजुरांशी करण्याची रीत होती. वाळवलेला मासा दक्षिण युरोपात आणि वेस्ट इंडिजमध्ये विकला जाई, आणि करार संपल्यावर काही मजूर परत न जाता तेथेच वसत. त्यामुळे सेंट जॉन्सच्या आसपासच्या जुन्या आयरिश घराण्याचे मूळ शोधताना सगळे आयर्लंड चाळण्याची गरज नसते; वॉटरफर्ड शहराभोवतीचा टापू, म्हणजे वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, किल्केनी, टिपरेरी आणि कॉर्क या काउंट्यांचा त्या शहराच्या बाजूचा भाग आधी पाहावा. येथील स्थलांतर बटाट्याच्या दुष्काळापूर्वीचे आहे, हेही लक्षात असू द्यावे, म्हणजे १८४७मध्ये त्यांना शोधण्यात वेळ जाणार नाही.

न्यू ब्रन्सविक आणि क्वेबेक येथील वाट लाकडाची. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात बाल्टिक समुद्राकडून ब्रिटनला येणारे इमारती लाकूड अडले, तेव्हा ब्रिटिश सरकारने वसाहतींतल्या लाकडाला जकातीत मोठी सवलत दिली. न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉन (न्यूफाउंडलंडचे सेंट जॉन्स ते निराळे) व मिरामिशी आणि क्वेबेकहून लाकडाने भरलेली जहाजे लिव्हरपूल, बेलफास्ट, डेरी, कॉर्क, लिमरिक, स्लायगो अशा बंदरांत येऊ लागली. परतीच्या प्रवासासाठी तेवढा मालच नव्हता. रिकामे जहाज न्यायचे तर तोल राखण्यासाठी तळाशी दगड भरावे लागत. त्याऐवजी लाकडाच्याच जागेत तात्पुरत्या फळ्या ठोकून माणसे भरली गेली. न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा हे भाडे कमी होते. सर्वांत गरीब कुटुंबे कॅनडाकडे का वळली, आणि पुढे त्यांतील कित्येक क्वेबेकला उतरून अमेरिकेत का निघून गेली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या भाड्यात आहे. बंदरांच्या या जोड्या शोधात फार कामी येतात. डेरीहून सेंट जॉन आणि क्वेबेक ही वाट ठरलेली होती, म्हणून सेंट जॉनमध्ये उतरलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबासाठी डेरी, टायरोन, डोनेगल या काउंट्या आधी पाहाव्यात. जहाज लिव्हरपूलहून निघाले असेल तर मात्र बंदरावरून काहीही ठरवू नये. आयर्लंडच्या कोणत्याही भागातले लोक आधी लिव्हरपूलला जाऊन तेथून सुटत असत.

सगळेच लोक व्यापाराच्या ओघात गेले असे नाही. पीटर रॉबिन्सन यांच्या देखरेखीखाली १८२३ आणि १८२५ या वर्षांत सरकारी खर्चाने सुमारे अडीच हजार माणसे, मुख्यतः कॉर्क काउंटीच्या उत्तर भागातून, ओंटारिओत वसवण्यात आली. पीटरबरो शहराला या रॉबिन्सन यांचेच नाव आहे. या कुटुंबांच्या याद्या नावे आणि वयांसह टिकून आहेत, त्यामुळे पीटरबरो किंवा लॅनार्कच्या परिसरातील घर असेल तर सर्वांत आधी या याद्या पाहाव्यात.

आता १८४७. बटाट्याच्या पिकावर १८४५पासून करपा पडत होता, आणि बटाटा हेच गरिबाचे मुख्य अन्न असल्यामुळे उपासमार आणि टायफसचा ताप हे दोन्ही एकाच वेळी आले. त्या एका वर्षी सुमारे एक लाख माणसे ब्रिटिश उत्तर अमेरिकेच्या दिशेने निघाली. क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीत ग्रोस इल नावाचे बेट आहे; तेथे १८३२पासून आलेल्या जहाजांना थांबवून तपासणी केली जाई. १८४७मध्ये या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. माँट्रियलमध्ये नदीकाठच्या छपऱ्यांत सुमारे सहा हजार मेले, आणि पुढे १८५९मध्ये व्हिक्टोरिया पुलाच्या बांधकामावरील मजुरांनी त्या जागी एक प्रचंड काळा खडक उभा केला, तो आजही तेथे आहे. टोरांटोची लोकसंख्या तेव्हा जेमतेम वीस हजारांची, आणि त्या उन्हाळ्यात ३८ हजारांहून अधिक निर्वासित त्या शहरात उतरले. त्यांतील अकराशेहून अधिक तेथेच दगावले. हे आकडे वंशावळीत लिहायचे नसतात, परंतु ते ठाऊक असल्याशिवाय १८४७च्या नोंदी वाचू नयेत. त्या नोंदींत आईवडील नसलेली मुले वारंवार भेटतात. क्वेबेकमधील फ्रेंच भाषक घरांनी त्यांतील अनेकांना सांभाळले आणि काहींची आयरिश आडनावे तशीच राहिली. म्हणून व्याह्यांच्या घराण्यात एखादा रायन किंवा केली फक्त फ्रेंच बोलणारा निघाला, तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नये. ग्रोस इल येथील स्थलांतरितांची सूची लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाच्या संकेतस्थळावर आडनावाने शोधता येते.

त्याच वर्षी काही जमीनदारांनी आपल्या कुळांना भाडे देऊन कॅनडाला धाडले, कारण कुळांना पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस मेहन यांनी १,४९० कुळांना असे पाठवले. स्लायगोतील लॉर्ड पामर्स्टन यांच्या जमिनीवरूनही सुमारे दोन हजार माणसे गेली. जमीनदारीची दफ्तरे टिकली असतील तेथे कुटुंबप्रमुखासह सगळ्या घराची नोंद मिळू शकते. रॉसकॉमनचे नाव निघाले तर स्ट्रोक्सटाउन येथील राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालयाची सामग्री पाहावी.

सगळ्यांची वाट सरळ नव्हती. कॅनडाच्या १८६७च्या राज्यसंघाच्या शिल्पकारांपैकी एक असलेले टॉमस डार्सी मगी आयर्लंडमधील कार्लिंगफर्डला जन्मले, परंतु माँट्रियलला आले ते अमेरिकेत अनेक वर्षे काढून, १८५७ साली. तेव्हा कॅनडातला दुवा तुटला असे वाटले तर अमेरिकेकडेही पाहावे. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधासाठी जाहिराती छापल्या जात. त्यांत कॅनडात उतरलेल्या माणसांचाही उल्लेख येतो, आणि शोधणाऱ्या भावाने किंवा बहिणीने आपला पॅरिश व काउंटी आवर्जून लिहिलेली असते. बॉस्टन कॉलेजने त्या जाहिरातींची सूची खुली केली आहे.

आयर्लंडमधले शेवटचे टोक

आपल्याकडचा मौजा तसे तिकडचे टाउनलँड. आयर्लंडमध्ये अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. काउंटी, मग पॅरिश, मग टाउनलँड या क्रमाने खाली उतरायचे. येथे एक मोठी अडचण आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स परिसरातील सरकारी अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळजवळ संपूर्णपणे नष्ट झाल्या. त्यानंतरच्या चार जनगणना सरकारनेच आधी नष्ट केलेल्या होत्या. त्यामुळे १९०१च्या आधीची संपूर्ण जनगणना शोधण्यात वेळ घालवू नये. १९०१ आणि १९११ची मात्र राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

त्या पोकळीच्या जागी दोन महसुली दफ्तरे वापरतात. १८२३ ते १८३७च्या दरम्यान चर्चच्या दशांश करासाठी शेती कसणाऱ्यांच्या याद्या झाल्या, आणि १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली घराजमिनीच्या आकारणीची पाहणी छापली गेली. दोन्ही टाउनलँडवार आहेत. १८४७मध्ये गेलेला माणूस ग्रिफिथच्या यादीत बहुधा नसेल, परंतु मागे राहिलेला भाऊ किंवा चुलता तेथे असतो, आणि पहिल्या यादीतील नाव दुसऱ्या यादीत त्याच टाउनलँडमध्ये दिसले की ठिकाण जवळजवळ निश्चित होते. त्यानंतर त्या पॅरिशच्या कॅथलिक नोंदवह्या पाहाव्यात. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८८०पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रे २०१५मध्ये खुली केली. काही वह्या लॅटिनमध्ये आहेत, त्यामुळे जेम्सचा ‘याकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ झालेला आढळेल. प्रॉटेस्टंट कुटुंबासाठी, विशेषतः उत्तरेकडील सहा काउंट्यांसाठी, बेलफास्टचे सार्वजनिक अभिलेखागार पाहावे. १८६४नंतरच्या जन्म-विवाह-मृत्यूंच्या सरकारी नोंदी ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या शासकीय संकेतस्थळावर मिळतात.

नावांबाबत दक्ष राहावे. आडनावाच्या सुरुवातीचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर गळालेले असते, म्हणून शोधताना दोन्ही रूपे टाकावीत. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे चार जॉन निघाले तर बाप्तिस्म्याच्या वेळच्या साक्षीदारांची नावे ताडून पाहावीत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची चाल आयरिश घरांतही होती. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या आपल्या घरांना हा पुरावा वाचायला शिकवावे लागणार नाही. तो अनुमानापुरता धरावा, निर्णयासाठी नव्हे.

आपली बाजू त्याच पद्धतीने

व्याह्यांची बाजू शोधताना आपलीही त्याच कसाने तपासावी. बडोद्यातील मराठी घरे गायकवाडांच्या फौजेबरोबर, महसुली कारभाराबरोबर, आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात शाळा, न्यायकचेऱ्या व बांधकाम खात्यांतील नोकऱ्यांबरोबर आली. म्हणून ‘आपण मूळचे कोठले’ यापेक्षा ‘आपला पहिला पुरुष कोणत्या खात्यात लागला’ हा प्रश्न आधी विचारावा. घरातील सनदा, नेमणुकीचे हुकूम आणि पेन्शनीचे कागद काढावेत, मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, कुलवृत्तांत छापलेला असेल तर ताडून पाहावा, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याच्या सह्या शोधाव्यात. संस्थानचे जुने दफ्तर कोठी परिसरातील सरकारी दफ्तरखान्यात आहे. तेथे अर्ज करताना खाते, हुद्दा आणि अंदाजे वर्ष लिहिल्यास कर्मचाऱ्यांना मदत करता येते.

येथे दोन्ही बाजूंना लागू पडणारी एक सूचना आहे. न्यूफाउंडलंड ३१ मार्च १९४९ रोजी कॅनडात सामील झाले, आणि बडोदे संस्थान त्यानंतर महिन्याभरात, १ मे १९४९ रोजी, मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीच्या काळासाठी दोन्ही प्रदेशांचे कागद राष्ट्रीय दफ्तरांत शोधू नयेत. न्यूफाउंडलंडच्या १९२१, १९३५ आणि १९४५ या स्वतंत्र जनगणना आहेत, आणि तेथील अभिलेखागार सेंट जॉन्समधील ‘द रूम्स’ या संस्थेत आहे.

काही कुटुंबे आयरिश नागरिकत्वाच्या आशेने हा शोध हाती घेतात. ज्याचे आजोबा किंवा आजी आयर्लंड बेटावर जन्मले, त्याला परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळवता येते. त्याच्या मुलांना ते हवे असेल तर त्या मुलांच्या जन्मापूर्वी ही नोंद झालेली असावी लागते. म्हणजे जावयाचे आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील आणि घरात बाळ यायचे असेल, तर अर्ज आधी करावा. १८४७मध्ये आलेल्या पूर्वजावरून हा हक्क मिळत नाही.

वंशावळ लिहिताना आयरिश नावे आणि ठिकाणे मूळ लिपीतील वर्णलेखनासह लिहावीत आणि शेजारी देवनागरीत उच्चार द्यावा. प्रत्येक नावापुढे ती माहिती कोणत्या कागदावरून आणि कोणत्या वर्षाच्या नोंदीतून मिळाली ते नोंदवावे. केवळ तर्काने जोडलेले दुवे पेन्सिलीने लिहावेत. एक प्रत व्याह्यांकडे पाठवून तपासून घ्यावी, आणि ती इंटरनेटवर ठेवण्यापूर्वी हयात व्यक्तींची नावे व जन्मतारखा काढून टाकाव्यात.